लेथच्या डोक्याशी भिंत

रुपराव टर्नर म्हणजे माह्या मोठा भाऊ. घाट रोडच्या मागच्या वस्तीत अजून लोक त्याची आठवण काढते अन् पहिले काय म्हणते, तं "भल्ला तिरसट माणूस होता." होता ना! मी कुठे नाही म्हणते? गिऱ्हाईक दुकानात येऊन घाई करायले लागलं की दादा मशीन बंद करे, हात पुसे अन् म्हणे, "ये मंग, तूच कर. मी बसतो तुह्या जागी." पण त्याच माणसानं लहान भावाले खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, मिलच्या जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येऊन त्याले खाऊ घातलं, हे त्याइले काय माहीत? आमची माय लवकर गेली. चंपत तवा इतकासा होता. दादानंच वाढवला त्याले.

दादा मिलमध्ये फिटर होता. मंग एका बंद पडलेल्या कारखान्यातली लोखंड कातायची जुनी लेथ त्यानं उचलली, घराच्या पुढच्या खोलीत बोल्ट घालून पक्की गाडली, अन् मिल सोडली. चंपतले हाताशी घेतलं. मी खाप्याले दिलेली होती, नवरा वारला तशी वापस आली. दोघं भाऊ काम करत, मी अन् गोपिका वहिनी सैपाकाचं पाहत. दिवसभर एकच आवाज राहे घरात, "चंपत!" अन् तिकडून "ओ, दादा!" नाहीतं "दादा!" अन् इकडून "काय गा?" मी चिडून म्हणे, अरे, एका खोलीत आहात ना, मंग एवढं ओरडता काहून?

अन् मंग तो दिवस आला.

लेथले एक जबडा राहते, त्याले चक म्हणते. लोखंड त्याच्यात धरायचं अन् एका किल्लीनं आवळायचं. आवळून झालं की किल्ली काढून ठेवायची, हे तं पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी रामटेकहून चंपतचा सासरा नवा तांदूळ घेऊन आला होता. जावयाची कारागिरी पाहू म्हणून दुकानात उभा राहिला. चंपतनं गज आवळला, सासऱ्याशी बोलायच्या नादात किल्ली चकातच ठेवली, अन् दादानं बटन दाबलं. किल्ली सुटली ते म्हाताऱ्याच्या डोक्श्याजवळून जाऊन टिनावर आदळली. बोटभर इकडे असती तं तिथंच खेळ खलास होता.

दादानं चंपतच्या कानाखाली ठेवून दिली. सासऱ्यासमोर.

चूक चंपतची होती. पण लग्न झालेल्या माणसाले सासऱ्यासमोर मारते का कोणी? दादाचा जीव घाबरला होता, मी पाह्यलं. पण चंपतनं ते थोडंच पाह्यलं! तो म्हणे, "आजपासून तुले दादा म्हणून हाक मारली तं मी बापाचा नाही." दादाही तसाच. "अन् मी ओ दिली तं मीही नाही."

झालं. वाटणी करायची म्हणे. माणसं बसली, सुतळी धरली, घराचा बरोब्बर मध्य काढला अन् भिंत घातली. ती भिंत नेमकी आली लेथच्या डोक्याशी! मशीन अन् भिंत यात वाकून डोकं जाईन एवढीच जागा. इकडचा भाग अन् लेथ दादाले, तिकडचा भाग अन् वेल्डिंगचं सामान चंपतले. मी म्हटलं, अरे बाप्पा, भिंत जराशी सरकवा, मशीनचा गळा दाबून राहिले तुम्ही. कोण ऐकते? दादा म्हणे त्याची जागा मले नको, चंपत म्हणे माह्यी जागा मी देणार नाही.

लेथचं डोकं आतून पोकळ राहते. लांब गज असला की तो त्या पोकळीतून मागे काढायचा, म्हणजे पुढचं टोक चकात धरून त्याच्यावर काम करता येते. पण मागे निघालेलं टोक मोकळं सोडलं अन् मशीन चालू केलं, तं ते वाकते अन् चाबकासारखं फिरते, जवळच्या माणसाचं हाड ठेवत नाही. म्हणून मागे एक लाकडी घोडी लावायची, तिच्यातून गज न्यायचा, अन् एक माणूस तेल सोडत तिथं उभा राह्यला पाहिजे. तो माणूस म्हणजे चंपत होता. आता तिथं भिंत उभी होती. जिनिंगच्या अन् तेलघाण्याच्या लांब शाफ्टा, म्हणजे मशीनचे दांडे, यायच्या, त्या बंद झाल्या. दादा बुटकी कामं करत राह्यला. चंपत तिकडे खिडक्याच्या जाळ्या जोडत राह्यला.

अन् वाटणीत मीही आली, बरं का. एक महिना दादाकडे जेवायचं, एक महिना चंपतकडे. दोघांनी मिळून, म्हणजे वेगवेगळं सांगून, एक अट घातली मले: इकडची गोष्ट तिकडे न्यायची नाही. नेली तं तिकडेच राह्यचं. मी विधवा बाई, कुठे जाऊ? ऐकलं मी. पण ज्या महिन्यात ज्याच्या घरी जेवो, दुसऱ्या घराले मी त्याच्याच बाजूची वाटो. मीठ मागायले गेली तरी पाहायले आली म्हणे.

मंग दादाचा कान गेला. मिलमधल्या आवाजानं अर्धा पहिलेच गेलेला होता, डावा कान पुरताच बंद झाला. लेथपाशी उभं राह्यलं की भिंतीकडचा कान तो. दुसऱ्यानं काम भागे. पण टर्नर म्हणजे अर्धं काम कानानं करते, पातं बरोबर कापून राहिलं का नाही हे आवाजावर समजते. गिऱ्हाइकाले समजलं तं कोण येईन? दादानं मले वहिनीच्या डोक्श्यावर हात ठेवायले लावला अन् म्हणे, "बाहेर बोलशील तं पाहाय." मी नाही बोलली. चंपत तं बाहेरचाच झाला होता.

चौऱ्याऐंशी साली, उन्हाळा उतरता उतरता, एक पोट्टी सायकलवर आली. प्रमोदिनी नाव. प्रताप नगरात राहे, बाप कचेरीत. इंजिनियरिंग कॉलेजात शिके, अन् चार-पाच पोट्टे सोबत. त्याइचं एक मशीन बनून राहिलं होतं, माणसाच्या हातासारखं, जे वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवते. रोबोट म्हणे. दिल्लीले चढाओढ होती. दादा म्हणते, "उचलून ठेवायले माणसं सरली का गा नागपुरातली?" पोट्टे हसले. त्याइले चार लांब गज पाहिजे होते, पुरुषभर उंचीच्या वर, दोन्ही टोकं बारीक करून आटे पाडलेले, अन् चारही सारखे. तो हात त्याच गजांवर इकडून तिकडे सरकणार होता. कॉलेजच्या वर्कशॉपले सुट्ट्या लागल्या होत्या, अन् मोठ्या कारखान्यात पोट्ट्याच्या कामाले कोण उभं करते?

दादानं गज पाह्यला, भिंत पाह्यली, अन् म्हणे, "नाही होत. भिंत आहे."

"मग भोक पाडा ना, काका," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. मीही नाही. दादानं हातातला गज तिले वापस दिला. मंग म्हणे, "भिंत माह्या एकट्याची नाही." पोट्टी तशीच बाहेर गेली, बाजूच्या दारात शिरली, अन् वापस आली. "ते म्हणतात, भिंतीला हरकत नाही. घोडी पण धरतील. पण बोलणार नाहीत." दादा म्हणे, "मले कुठे बोलायचं आहे?"

वहिनीनं माह्या हात दाबला. मी तिले म्हटलं, गोपिका वहिनी, हे दोघं एका गजाले हात लावतील तं बोलतीलच वं. बोलल्याशिवाय राहतात का? माह्यं सारं चित्त तेवढ्यावरच लागलं. त्या पोट्ट्याइचा हात दिल्लीले चालो न चालो, मले काय त्याचं? माह्ये भाऊ बोलले पाहिजे.

दादानं टोकदार सळई लेथच्या पोकळीतून घातली अन् भिंतीवर टेकवून हातोडा मारला. पलीकडे पोपडा पडला, तिथून चंपतनं छिन्नीनं भोक मोठं केलं, मूठ जाईन एवढं. मी तिकडेच होती. चंपतनं माळ्यावरून घोडी काढली. तीच जुनी, बाभळीची. चुलीत घातली नव्हती त्यानं. मी बोलली नाही काही, बोलली असती तं परत माळ्यावर ठेवली असती.

पहिला गज भोकातून आला. चंपतनं तो घोडीत बसवला, तेल सोडलं. आता चालू कर हे सांगायचं कसं? त्यानं पान्ह्यानं गजावर एकदा ठोकलं. तिकडे दादाचा तळवा गजावर होता, त्याले ते हातातच समजलं. त्यानंही एकदा ठोकलं अन् बटन दाबलं. एक ठोका म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. मधेच गज घोडीत नाचायले लागला, चंपतनं दोनदा ठोकलं, तशी मशीन जागच्या जागी थांबली. बोलत होते तवा एकमेकांचं इतकं कधी ऐकलं नव्हतं त्याइनं.

तीन गज दोन्ही टोकांनी झाले. रोज सकाळी पोट्टी येऊन पाहून जाये. मी दोन्ही घरात चहा पोचवो. चंपत मले म्हणे, "दादा—" अन् थांबे, अन् म्हणे, "तिकडे साखर कमी घालत जा, त्याले डॉक्टरनं सांगितलं असन." बाप्पा, माह्यं काळीज सुपाएवढं झालं. तो महिना माह्या जेवणाचा दादाकडचा होता, पण मी बसे चंपतच्या खोलीत, तेलाची बुधली धरून.

चौथा गज झाला, तो दिवस. शेवटचं टोक झालं, दादानं गज तिकडे ओढून घेतला. भोक मोकळं झालं. पलीकडे मोटर बंद झाली होती, पण पट्टा अजून फिरूनच राहिला होता. चंपत हात पुसत उभा होता. मंग तो वाकला, भोकाशी तोंड नेलं. मलेही तिथून दिसून राहिलं होतं. दादा लेथच्या डोक्यावर वाकून गजाच्या टोकावरचा कीस पुसत होता, त्याचा गाल, त्याचा कान, हातभर अंतरावर. डावा कान.

चंपत म्हणे, "दादा."

हळू नाही, चांगलं मोठ्यानं. माह्या हातातली बुधली पडली.

दादा कीस पुसतच राह्यला. चंपतनं वाट पाह्यली. पुन्हा म्हणे, "दादा." दादानं मानही हलवली नाही, गज घेतला अन् दाराकडे वळला. चंपतचं तोंड असं झालं की मले पाहवलं नाही. मी काय केलं, तं धावली. बाहेर, गल्लीतून, दादाच्या दारात. त्याच्या उजव्या कानाशी ओरडली, "अरे, चंपतनं हाक मारली तुले! दोनदा मारली!"

दादाच्या हातातून गज सुटला, खणखण करत फरशीवर पडला. तो लेथवरून वाकून भोकाशी गेला. अन् त्या माणसानं ओ दिली हो! "ओ," म्हणे. "ओ, चंपत. काय गा?" माह्या कानांनी ऐकलं मी. मंग त्यानं मान वळवून उजवा कान भोकाले लावला अन् तसाच वाकून उभा राह्यला. कितीतरी वेळ. पलीकडे कोणी नव्हतं. चंपत मागच्या अंगणात निघून गेला होता.

दादा सरळ झाला तवा त्याचे डोळे लाल होते. मले म्हणे, "रुखमे, ह्या वयात माह्याशी खेळ करून राहिली तू? मले ओ द्यायले लावली?" मी वहिनीची शपथ घेतली. तो म्हणे, "पुन्हा तिकडची गोष्ट माह्यापाशी आणायची नाही."

मी तशीच चंपतकडे गेली. नळाखाली हात धुऊन राहिला होता, हात केव्हाचे स्वच्छ झाले होते. म्हटलं, "चाल, त्यानं ओ दिली. तुह्या खोलीत कोणीच नव्हतं रे."

"तू सांगितलं म्हणून दिली. मी हाक मारली तवा हातभर तं होता."

"अरे, त्याले त्या कानानं ऐकू येत नाही!"

चंपत हसला. असं हसू दुश्मनालेही नको. "हाव? अन् हे आज सांगून राहिली? इतके वर्षं काहून नाही सांगितलं? ताई, तुह्या हा महिना तिकडचा आहे. तू तिकडचंच बोलशील."

काय करू मी? सांगा. ज्याइनं माह्यं तोंड बांधलं, तेच म्हणे तू बोलली काहून नाही. मी खरं बोलली, एकाच दिवशी दोघापाशी खरं बोलली, अन् दोघांनी मले खोटं ठरवलं. भिंतीले डोकं आपटावं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं चंपतनं भोकात वीट बसवून गारा फासला होता. दादानं ते इकडून पाह्यलं अन् म्हणे, "बरोबर आहे. पोट्ट्याइचं काम झालं." मंग दिवसभर मशीन चालू केली नाही.

पोट्टे गज घेऊन गेले. दिवाळी झाली, भाऊबीजेले मी दोन घरात दोन पाट मांडले. दादा थकून राहिला होता. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की बसे. वहिनी म्हणे डॉक्टरले दाखवा, तो म्हणे पित्त आहे.

थंडीत प्रमोदिनी आली, फोटो घेऊन. दिल्लीले त्याइच्या हातानं पाण्यानं भरलेला पितळी गडवा उचलला म्हणे, अन् त्या गजांवरून सरकत जाऊन दुसऱ्या टेबलावर ठेवला, पाणी न सांडता. दुसरा नंबर आला. दादाले फोटो दाखवला, तो खूश. मंग ती चंपतकडे गेली. तो महिना माह्या तिकडचा होता, मी पोळ्या लाटून राहिली होती. चंपतनं विचारलं, "तिकडे देऊन आली का फोटो?" पोट्टी म्हणाली, "हो. पण मोठ्या काकांना डाव्या बाजूनं सांगून उपयोग नसतो ना. पहिल्याच दिवशी कळलं मला, मी तिकडून बडबडतेय आणि त्यांना पत्ताच नाही. मग मी नेहमी फिरून उजवीकडे जायची."

तिले काय माहीत ती काय बोलून गेली! चंपत फोटो हातात धरून बसला. ती गेली तरी बसून. मंग मले म्हणे, "ताई, तू खरं सांगत होती."

मी लाटणं फेकलं. खरंच फेकलं. म्हटलं, "ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ अन् जा."

"असा कसा जाऊ?" तो म्हणे. "काही निमित्त नको का? इतक्या वर्षांनी रिकाम्या हातानं दारात उभा राहू? संक्रांत आलीच आहे. तिळगूळ घेऊन जातो. तिळगूळ द्यायले दुश्मनही दुश्मनाच्या घरी जाते, कोणी विचारत नाही काहून आला."

"आज जा रे चंपत."

"संक्रांतीले, ताई. पक्कं. तू त्याले काही सांगू नको. तू सांगितलं की तो म्हणन तूच पाठवलं."

तेही खरं होतं. मी नाही सांगितलं. चंपतनं त्याच सांजी तीळ आणले, बायकोले निवडायले बसवलं. नवं धोतर आणलं दादासाठी. रोज मले विचारे, "काय म्हणन तो? दरवाजा तं उघडन ना?" मी म्हणे, उघडन रे बाबा, उघडन.

संक्रांतीच्या आधीच दादा गेला. पहाटे वहिनीनं चहा नेला तं उठेना. रात्री झोपेतच गेला असन, तोंडावर काही त्रास नव्हता. वहिनीनं किंकाळी फोडली ती पलीकडे ऐकू गेली. मी धावली. माह्या मागून चंपत. अनवाणी, अंगात नुसती बंडी, इतक्या थंडीत. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं ते दार ओलांडलं, अन् कोणी त्याले काहून आला विचारलं नाही.

दादाले खाली घेतलं, उत्तर-दक्षिण निजवलं. वस्तीतली माणसं जमली. चंपत त्याच्या डोक्याशी बसला, वाकला, तोंड उजव्या कानापाशी नेलं अन् बोलायले लागला. लोकाइले वाटलं रामाचं नाव घेते, म्हणून तेही राम राम म्हणायले लागले. मी जवळ होती, मले ऐकू येत होतं. तो नुसता म्हणे, "दादा. दादा. दादा गा."

मंग तो थांबला. माह्याकडे मान वर केली. तोंड सारं ओलं झालं होतं. चार माणसात, सगळ्यांच्या देखत त्यानं मले विचारलं, "ताई, हाच ना वं चांगला कान?"

मी म्हटलं, "हाव, हाच."